आयात शुल्क वाढणार म्हणून बोट आत्ताच घ्यावी का?

प्रश्न : आम्ही हर्णैचे. वडिलांची लाकडी बोट वाटणीत भावाकडे गेली, आता मला स्वतःची ट्रॉलर घ्यायची आहे. नवी फायबरची बोट परदेशी इंजिन, विंच, जाळी सगळं धरून ४० लाखांना पडते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आठ वर्षं वापरलेली, अशोक लेलँडचं इंजिन असलेली फायबरचीच बोट १८ लाखांना मिळते आहे. हाताशी १३ लाख आहेत. इंजिनवाला म्हणतो, आयात शुल्क वाढणार, महिन्याभरात बुकिंग करा. अमेरिकेने टॅरिफ लावल्यापासून कोळंबीच्या दराचीही धास्ती आहे. पैसे कमी पडले तर घरचे दागिने गहाण ठेवायची तयारी आहे. वर्षाचा हिशेब सोबत पाठवतो आहे. काय करावं?

उत्तर :

नमस्कार. तुम्ही वर्षाचा हिशेब इतका नीट लिहून पाठवलात, म्हणून नेमकं उत्तर देता येतंय. माझं मत आधी सांगतो : या वर्षी नवी बोट घेऊ नका. जुनी घ्या, पण तपासून, आणि तीही लगेच नाही. आता कारणं.

इंजिनवाल्याच्या बोलण्यापासून सुरुवात करू. ४० लाखांच्या बोटीत परदेशातून येतं ते मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्स. बोटीचं अंग इथल्याच यार्डात बांधलं जातं. रेझिनमध्ये आयातीचा अंश असतो, पण त्याचा भार एकूण किमतीत थोडा. इंजिन-गिअरबॉक्सची बंदरात उतरतानाची किंमत, म्हणजे माल, भाडं आणि विमा मिळून, ९ लाख धरा. सीमाशुल्क या किमतीवर लागतं, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो आणि मग सगळ्या बेरजेवर जीएसटी. समजा सरकारने शुल्क अडीच टक्क्यांनी वाढवलं. म्हणजे २२,५०० रुपये शुल्क, २,२५० अधिभार आणि त्यावरचा जीएसटी. तुमचा बोजा वाढतो २५ ते ३० हजारांनी. ४० लाखांच्या खरेदीत ही रक्कम एक टक्कासुद्धा नाही.

रुपयाची घसरण याहून जास्त बोचते. जानेवारी २०२५ मध्ये डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात तो ९० च्या पुढे गेला. ज्या इंजिनाचा भाव डॉलरमध्ये ठरतो, ते शुल्क तसूभरही न वाढता ४० हजारांवर महागलं. तेव्हा ‘शुल्क वाढणार’ या एका वाक्यावर कुणाला बुकिंगचे पैसे देऊ नका.

आता कर्ज बघा. नव्या बोटीला तुमचे १३ लाख पूर्ण घातले तरी २७ लाख काढावे लागतील. बँकेने ११ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी दिले असं धरलं तर हप्ता महिना ४६ हजारांच्या थोडा वर. वर्षाला साधारण साडेपाच लाख. सात वर्षांत नुसतं व्याज जातं जवळपास पावणेबारा लाख. पंचवीस-तीस हजारांची शुल्कवाढ चुकवायला घाई करायची आणि त्यापायी हे ओझं घ्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय बँकेचा हप्ता बारा महिने चालतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोट शाकारून ठेवलेली, तेव्हाही तो भरायचाच असतो.

टॅरिफचा खरा मार तुमच्या विक्रीवर आहे, खरेदीवर कमी. अमेरिकेने भारतीय मालावर एप्रिल २०२५ मध्ये १० टक्के, ७ ऑगस्टला २५ आणि २७ ऑगस्टला ५० टक्के शुल्क लावलं होतं. पाच महिन्यांत तीन दर. तुम्ही म्हणाल, माझी कोळंबी कुठे अमेरिकेला जाते? बरोबर आहे. समुद्रात जाळ्याने पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेतच नाही, कारण आपल्या ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या, जाळ्यांना कासव बाहेर सोडणारं साधन नसतं. तिकडे जाते ती मुख्यतः आंध्रातल्या तलावांत वाढवलेली व्हेनामी जातीची कोळंबी. पण तिला अमेरिकेचं दार जड झालं की तो माल चीन, युरोप, जपानकडे आणि देशातल्या बाजारात वळतो. निर्यात कंपन्यांचे खरेदीदार त्याच बाजारांकडे पाहून बंदरावर भाव काढतात, आणि लिलावात तुमच्या टोपलीचा दर बसतो तो असा. म्हणून तुमची धास्ती मी रास्त मानतो.

तुमच्याच आकड्यांवर ती तपासू. नव्या बोटीवर हंगामाची विक्री ३६ लाख होईल असा तुमचा अंदाज. डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्याची डागडुजी यांचे १८ लाख वजा. उरलेल्या १८ लाखांत खलाशांचा निम्मा वाटा, तुमच्याकडे ९ लाख. आता मासळीचा दर १० टक्क्यांनी पडला असं समजा. विक्री ३२ लाख ४० हजार. डिझेल तेवढंच जळणार, बर्फ तेवढाच लागणार. उरले १४ लाख ४०, तुमचा वाटा ७ लाख २० हजार. दर १० टक्के पडला आणि तुमची मिळकत २० टक्के घटली. हे गणित एकदा घरी बसून स्वतःच्या हाताने मांडा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

घरखर्च तुम्ही वर्षाला ३ लाख सांगितलात. नव्या बोटीत तो आणि हप्ता मिळून ८ लाख ५५ हजार होतात. बऱ्या वर्षी हातात ४५ हजार उरतील, दर पडला तर १ लाख ३५ हजारांची खोट. आणि शिल्लक तर आधीच बोटीत गेलेली. ही खोट मग भरतो व्यापारी. त्याची उचल घेतली की मासळी त्यालाच, त्याच्याच दराने. नवी कोरी बोट असून नाखवाला स्वतःच्या मासळीचा भाव बोलता येत नाही, अशी घरं किनाऱ्यावर थोडी नाहीत. तुम्ही त्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जुन्या बोटीला १८ लाख आणि दुरुस्तीला वेगळे ४ लाख धरा. १० लाख तुमचे, १२ लाख कर्ज, पाच वर्षं. हप्ता २६ हजारांच्या आसपास, वर्षाला ३ लाख १३ हजार. विक्री तेवढीच धरतो, पण जुनी म्हणून दरवर्षी १ लाख जास्तीची दुरुस्ती तुमच्या वाट्यातून काढतो. दर पडलेल्या वर्षीही ६ लाख २० हजार उरतात आणि खर्च-हप्ता मिळून लागतात ६ लाख १३ हजार. काठोकाठ आहे, पण भागतं. आणि ३ लाख बँकेत राहतात, त्यांना हात लावायचा नाही.

अशोक लेलँडचं इंजिन ही त्या बोटीची जमेची बाजू मानतो. परदेशी इंजिनावरचं शुल्क एकदा भरून संपत नाही. पंप, नोझल, गिअरबॉक्सचा सुटा भाग, जे जे बाहेरून मागवाल त्यावर ते पुन्हा येतं, आणि भाग येईपर्यंत बोट धक्क्याला. ऐन सप्टेंबरात पंधरा दिवस बोट उभी राहिली तर काय जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

सौदा मात्र मे-जूनमध्ये करा. बोट वर ओढलेली असते, तळ उघडा दिसतो. शाफ्टच्या नळीभोवती आणि इंजिनाच्या बेडाशी लहान हातोडीने ठोकत जा. टणक आवाज यायला हवा. जिथे बद्द वाजेल तिथे आत पाणी शिरलेलं असू शकतं. इंजिनाचं ऑइल दुधाळ दिसलं तर पुढे बोलूच नका. बंदीपूर्वी एकदा भर समुद्रात पूर्ण वेगाने चालवून धूर बघून घ्या, आणि स्वतःचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको. ऑगस्ट तोंडावर आला की विकणारा अडून बसतो. नव्या बोटी महागल्याचं सांगून तो जुनीचाही भाव चढवेल, पण त्याचं इंजिन आठ वर्षांपूर्वीच्या दराने आलेलं आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

कागद पैशांच्या आधी. नोंदणी कुणाच्या नावावर, बँकेचा बोजा शिल्लक आहे का, मासेमारी परवाना चालू आहे का, आणि बोट तुमच्या नावावर करायला रत्नागिरीच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून काय लागेल, हे लेखी घ्या. परवाना नसेल तर मच्छीमार सोसायटीकडून करपरताव्याचं डिझेलही मिळणार नाही, आणि मग वरचा डिझेल-बर्फाचा १८ लाखांचा खर्च खोटा ठरेल. अनुदानाचंही असंच. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद केलेली होती. योजना आता चालू आहे का आणि जुन्या बोटीला लागू होते का ते विचारून अर्ज अवश्य करा, पण मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत ती रक्कम हिशेबात शून्य धरा. हंगामाच्या सुरुवातीच्या डिझेल-बर्फासाठी किसान क्रेडिट कार्ड काढा. मच्छीमारांना ते २०१८-१९ पासून खुलं आहे आणि व्यापाऱ्याची उचल टाळायला याहून सोपा मार्ग नाही.

राहिले दागिने. बोट घेण्यासाठी ते ठेवू नका. हंगामात इंजिन बसलं आणि ते ३ लाखही पुरले नाहीत, तर दोन-तीन महिन्यांसाठी बँकेत सोनेतारण कर्ज काढायला माझी हरकत नाही, कारण ते दिवाळीपर्यंतच्या मासळीतून फिटू शकतं. सात वर्षांच्या हप्त्यात अडकलेलं सोनं तसं सुटत नाही. आणि हा निर्णय वहिनींना शेजारी बसवून घ्या. घरखर्चाचा ३ लाखांचा आकडा खरा आहे की नाही, ते त्यांनाच माहीत असेल.