बहीण स्वतःला इजा करून घेतेय, तिच्याशी बोलू कसं?

तुम्ही लिहिलंय की १७ वर्षांच्या बहिणीच्या हातावर खुणा दिसल्या, घरचे म्हणतात नाटकं करतेय, आणि तुम्हाला कळत नाहीये ती असं का करते. मी स्वतः १५ ते १९ या वयात यातून गेलेय म्हणून लिहितेय.

आधी ते नाटकाचं. मी भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचे कपडे घालायचे, कुणी सहज हात धरला तरी दचकायचे. लक्ष वेधायचं असतं तर एवढी लपवालपवी कशाला केली असती? बहुतेकांचं असं होतं की राग, लाज, स्वतःचाच तिटकारा हे सगळं आत इतकं साचतं की ते सहनच होत नाही, काहीही करून थांबवायचं असतं, आणि काही जणांना उलट काहीच जाणवत नसतं, सगळं बधिर झालेलं असतं. इजा केल्यावर ते थोडा वेळ उतरतं, मग लाज वाटते, आणि पुढच्या वेळी तीच लाज कारण होऊन बसते.

दरवेळी मरायचंच असतं असं नाही, पण म्हणून हलक्यात घेऊ नका, अशा मुलामुलींना आत्महत्येचा धोका जास्त असतो. तिला सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. भारतात असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलतात, तुम्ही स्वतःसाठी फोन केलात तरी चालतो.

माझ्या आईने मला तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, परत करणार नाही म्हणून. तिची काळजी खरी होती हो. पण परत झालं तेव्हा दुःखात शपथ मोडल्याचं ओझं वाढलं आणि मी अजून नीट लपवायला शिकले, बस. म्हणून कृपा करून वचन मागू नका.

चुलत ताईने मात्र खुणा पाहिल्यावर एवढंच विचारलं, "दुखतंय का?" मग जखम धुऊन पट्टी लावली आणि बाजूला बसून राहिली, बराच वेळ. का केलंस हे तिने विचारलंच नाही, त्या दिवशी काय झालं होतं ते विचारलं, आणि मी पहिल्यांदा बोलले.

यावर उपचार आहेत, खरंच आहेत. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी काढली आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या. हे वाचून मी रडले होते. थेरपीत मला कळलं की ती उर्मी चढते तशी उतरते पण, तेवढा वेळ काढायचा असतो, मी तोंडावर गार पाणी मारायचे आणि ताईला फोन लावायचे. मधे दोनदा परत झालं, तरी थेरपी सोडली नाही.

पहिल्या सेशनला मी आत जायलाच तयार नव्हते. ताई म्हणाली नको बोलूस काही, नुसती बसून ये, मी इथेच आहे. बाहेर आले तर ती खरंच त्याच खुर्चीवर होती.