गमत्या फॉन्टला मोठीच जागा दे

तुझं पोस्टर पाहिलं. शीर्षकाचा फॉन्ट झकास निवडलायस, पण तोच खाली तारीख, पत्ता आणि चार ओळींच्या मजकुरालाही लावलास, तिथं घोळ झाला. 'मोदक'सारख्या गुबगुबीत फॉन्टचंच उदाहरण घे. त्यात अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जेमतेम रेघेएवढी उरते. ७२ पॉइंट आकाराला ती रेघ मजा आणते. १२ पॉइंटला बुजते, आणि 'ब' कुठला नि 'व' कुठला हेच कळेनासं होतं.

असे फॉन्ट दोन-तीन शब्दांपुरते. मुखपृष्ठ, स्टिकर, फार तर मुलांच्या पुस्तकातलं एखादं 'धडामधूड'. बाकी मजकुराला शांत फॉन्ट. दोन विक्षिप्त फॉन्ट शेजारी बसवू नकोस, भांडतात.

नमुन्यातलं 'अ आ इ ई' बघून भुलू नकोस. (मी भुललोय, तेही पैसे भरून!) आपलाच शब्द टाइप करून बघ. 'कुऱ्हाड', 'उत्कृष्ट', 'ज्ञानेंद्रिय' हे माझे ठरलेले. प्रयोगशील फॉन्टात पुष्कळदा जोडाक्षरं पूर्ण केलेली नसतात, मग शब्दाच्या मधेच पाय मोडलेलं अक्षर लटकतं. शीर्षक दोन ओळींचं असेल तर वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो का तेही बघ. ओळींतलं अंतर बहुतेक वेळा हातानंच वाढवावं लागतं.

आणि परवाना वाच. 'मोदक' ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, व्यावसायिक कामालाही चालतो. पण 'फुकट' म्हणून मिळणारे कितीतरी फॉन्ट फक्त खासगी वापरापुरते असतात.