आई-अण्णा पहिल्यांदाच अमेरिकेला: उतरल्यावरचं जास्त सांगतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ६३, अण्णा ७०, गाव उदगीर, दोघंही आजवर विमानात बसलेले नाहीत. मे महिन्यात पाच महिन्यांसाठी तुमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. इंग्रजी वाचतात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: तिकीट मुंबईहून काढावं की हैदराबादहून, आणि एवढ्या तासांत विमानात त्यांचं कसं होईल.

मी लातूरचा, बँकेतून निवृत्त. मुलगा एडिसनला असतो, आम्ही दोघं आजवर तीनदा जाऊन आलो. विमानातली काळजी सगळ्याच लेकरांना असते, माझ्या मुलालाही होती. पण विमानात माणसाला करायचं काहीच नसतं. बसायचं, पुढ्यात येईल ते खायचं, आणि रस्ता चुकायची तर सोयच नाही. दार उघडल्यावर खरी कसोटी लागते. आधी तिथले दोन तास, मग घरी गेल्यावरच्या चार-पाच रात्री. म्हणून विमानाचं थोडक्यात आणि पुढचं सविस्तर लिहितो.

तिकिटाचं आधी. उदगीरहून हैदराबाद सोयीचं, यात वादच नाही. बीदर, जहीराबाद करून पाटणचेरूपाशी रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ. मुंबई म्हणजे रेल्वेत एक रात्र. तरीही पहिल्या खेपेला मी मुंबईहून थेट विमानच घ्या म्हणेन. हैदराबादहून आखातातला एखादा थांबा येतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाने अपरात्री दुबई-दोहाच्या विमानतळावर दुसरं गेट शोधायचं, हे रेल्वेतल्या एका रात्रीपेक्षा फार जड आहे. थेट विमान पंधरा-सोळा तासांचं, पण एकदा बसलं की न्यूयॉर्कलाच उतरायचं. ठाण्या-कल्याणला कुणी नातेवाईक असतील तर आदल्या दिवशी तिथं मुक्काम करून नीट झोपून निघू द्या. पुढच्या खेपेला खुशाल हैदराबाद.

तारखेचं मात्र फोनवर दहा वेळा सांगा. ही विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ तारीख, १ वाजून ३० मिनिटं असं असेल तर १३ च्या रात्री नऊ-साडेनऊलाच विमानतळावर पोचायचं असतं. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब क्रूझरमध्ये अकरा माणसं भरून निरोप द्यायला म्हणून निघालं आणि बरोबर चोवीस तास उशिरा मुंबईत पोचलं. हार-नारळ घेऊन परत आले बिचारे.

जेवणाची गंमत सांगतो. तिकीट काढताना जेवणाच्या यादीत 'हिंदू मील' दिसेल. आपल्याला वाटतं, हेच आपलं. ते शाकाहारी नसतं हो! त्यात गोमांस नसतं इतकंच, कोंबडी किंवा मटण असू शकतं. माळकरी माणसांसाठी 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा, तेही निघायच्या दोन-तीन दिवस आधी नोंदवून ठेवा. सोबत दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी द्या. तेलाचं लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते मोठ्या बॅगेत. आणि सुकं खोबरं मोठ्या बॅगेतही नको. तेल जास्त म्हणून पेट घेतं, त्यामुळे २०२२ पासून आपल्याकडे चेक-इन सामानात त्याला बंदी आहे. मसाला कुटूनच पाठवायला सांगा.

विमानातलं एकच नीट लिहितो, कारण बायका ते कुणाला सांगत नाहीत. पहिल्या प्रवासात आमची ही खिडकीशी बसली होती. शेजारी एक गोरा माणूस गाढ झोपलेला. त्याला उठवायचं कसं, म्हणून ही आठ तास जागची हलली नाही. आणि जायला लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. उतरली तेव्हा पाय असे सुजलेले की चपलेत मावेनात. विमानातली हवा फार कोरडी असते, दाबही सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितकाच ठेवतात, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर. त्यात पाणी नाही आणि हालचाल नाही म्हटल्यावर पोटरीत रक्ताची गाठ व्हायची भीती असते. आईंना कडेची सीट घ्या, जास्तीचे पैसे पडले तरी घ्या. दर दीड-दोन तासांनी उठून मागपर्यंत चालून यायचं, बसल्या जागी पाऊल वर-खाली करायचं. संडासाची कडी पूर्ण लावल्याशिवाय आत नीट उजेड पडत नाही, आणि फ्लशचा आवाज एकदम भयंकर येतो, हे आधी सांगून ठेवा. तिथं हात धुवायच्या नळाशिवाय पाण्याची सोय नसते, तो भरून घ्यायला पर्समध्ये एक छोटी रिकामी बाटली असू द्या. पोचल्यावर दोन-चार दिवसांत एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. अण्णांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर या साडेनऊ तासांच्या फरकात डोस कधी घ्यायचा, हे निघण्याआधी उदगीरच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हे कुणाच्या अनुभवावरून ठरवू नका, माझ्याही नाही.

आता उतरल्यावर. व्हीलचेअर सांगावी का, यावर इथं नेहमी भांडणं होतात. माझं मत: आईंचे गुडघे दुखत असतील तर बिनदिक्कत सांगा. ढकलणारा माणूस इमिग्रेशन (म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी), बॅगा, बाहेरचं दार सगळीकडे नेतो, अण्णाही बरोबर राहतात, बोलण्याची निम्मी अडचण तिथंच सुटते. पण ठणठणीत माणसाने केवळ रांग चुकवायला खुर्चीत बसू नये. आणि खुर्ची घेतली की आपला वेळ आपल्या हातात राहत नाही. एका विमानतळावर आम्हाला कोपऱ्यात ठेवून तो मुलगा जो गेला तो दोन तासांनी उगवला. जवळ पाणी आणि खायचं असू द्या. अमेरिकेत त्या माणसाला पाच-दहा डॉलर देतात, सुट्ट्या नोटा अण्णांच्या खिशात ठेवायला सांगा.

इमिग्रेशनला आपण उगाच घाबरतो. साधे प्रश्न असतात: कशासाठी आलात, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. खरं आणि थोडक्यात सांगायचं. अण्णांना सवय असेल उदगीरपासून सुरुवात करायची, तेवढं थांबवा. "डॉटर, न्यू जर्सी, फाइव्ह मंथ्स" एवढं पुरे. अडलं तर "हिंदी प्लीज" म्हणायचं. कागदांची फाइल जवळ असावी, पण मागितल्याशिवाय उघडू नये. मी पहिल्या वेळी सातबारासकट सगळं काउंटरवर मांडलं होतं, त्या साहेबाने दोन बोटांनी परत माझ्याकडे सरकवलं.

बोटांच्या ठशांचा खोळंबा मात्र होऊ शकतो. शेतात, चुलीपाशी राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही ना, तसंच. त्यात विमानाने कातडी कोरडी पडलेली. हिची बोटं काचेवर चार वेळा ठेवली, मशिन घेईना. साहेब स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवायला लागला. हिला वाटलं कुंकवाचं विचारतोय. ही मान ताठ करून म्हणाली, "मॅरीड! मॅरीड!" आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तो हसला, मग स्वतःची बोटं कपाळावर घासून दाखवली. कपाळाचं तेल बोटाला लागलं की ठसा उठतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पाचव्या वेळी उठला. निघण्याआधी आठ-दहा दिवस रात्री दोघांच्या हाताला खोबरेल चोळायला सांगा, आणि विमान उतरायच्या आधी थोडी व्हॅसलीन.

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत तो अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने मिळतात. पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही. घरी गेल्यावर तुम्ही ऑनलाइन आय-९४, म्हणजे आल्याची आणि राहण्याच्या मुदतीची सरकारी नोंद, काढून त्यावरची तारीख बघा आणि परतीचं तिकीट तिच्या आतलंच आहे ना, ते तपासा.

मग बॅगा. उदगीरच्या दुकानात मिळालेल्या काळ्या-निळ्या बॅगा तिथल्या पट्ट्यावर शंभर असतात. हँडलला जुन्या साडीचा काठ फाडून बांधा, लांबून ओळखू येतो. खाण्याचं काही आहे का असं विचारलं तर 'येस' म्हणायचं, नेहमी. मसाला, लोणचं, चटणी सहसा चालतं. फळं, बियाणं, मांस नको. कढीपत्ता ताजाही नको, वाळलेलाही नको, लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्याबरोबर येतो म्हणून. तांदूळ नको, खपरा भुंगा या धान्यातल्या किडीमुळे. दुधाच्या मिठाईच्या भानगडीतही पडू नका. ज्वारीचं पीठ तिकडे एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या भारतीय दुकानांत मिळतं, त्यासाठी किलो-किलो वजन कशाला ओढायचं!

आम्ही मसाला-लोणचं सांगितलं होतं. पण हिने विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये ठेवलेलं, ते मलाही माहीत नव्हतं. पट्ट्यापाशी उभे होतो. हिरवं जाकीट घातलेला, कान लोंबणारा एक छोटा कुत्रा आला, पर्स हुंगली आणि शेजारी चक्क बसला. भुंकला नाही, काही नाही, नुसता बसून वर बघत राहिला. हिला कौतुक वाटलं. "किती गुणाचं हाय बगा," म्हणाली. त्याच्यामागच्या बाईने पर्स उघडायला लावली. सफरचंद निघालं. "आवं, त्यांनीच तर दिलं हुतं. अन्न हाय, टाकून कसं द्यावं?" हे मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्या बाईने ते काढून घेतलं आणि आम्हाला सोडलं. न सांगितलेल्या अशा एका फळावरूनही दंड होऊ शकतो. विमानातलं फळ विमानातच खा किंवा तिथंच ठेवा, हे आईंना चार वेळा सांगा, कारण त्या ठेवणारच.

तुम्ही दाराबाहेर असाल, आत तुम्हाला येऊ देत नाहीत. हे त्यांना माहीत नसलं तर ते पट्ट्यापाशीच वाट बघत बसतील. आम्ही पाऊण तास बसलो होतो.

आता रात्री. मे महिन्यात तुमच्याकडे रात्रीचे अडीच म्हणजे उदगीरला भर दुपारचे बारा. देह विमानाने पोचतो, झोप मागून एसटीने येते. साधारण दिवसाला तास-दीड तास या हिशेबाने घड्याळ सरकतं, म्हणजे आठवडा धरा. जाताना त्यातल्या त्यात बरं, परत आल्यावर जास्त जड जातं. दुपारी चारला डोळे मिटायला लागतील. तेव्हा अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नका. संध्याकाळी बाहेर न्या, मे मध्ये तिथं आठपर्यंत उजेड असतो, तो डोळ्यांवर पडू द्या. पहिल्या दोन दिवसांत न्यूयॉर्क दाखवायचा उत्साह आवरा. आम्हाला तिसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दाखवला. मला त्यातलं फक्त बोटीतलं बाकडं आठवतंय.

आणि स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या रात्री अडीचला आम्हाला कडकडून भूक लागली. सुनेला उठवायचं नाही म्हणून हिने तव्यावर मिरच्या भाजायला घेतल्या, ठेचा करायचा होता. धूर वर गेला आणि छतावरचं यंत्र असं किंचाळलं की मुलगा, सून, नातू सगळे खाली. ही तवा पदराखाली लपवायला निघाली होती. तेव्हापासून सून रात्री ओट्यावर दशम्या, दही आणि केळी ठेवायची. तुम्हीही ठेवा. मायक्रोवेव्ह कसा लावायचा आणि चिमणीचा पंखा कुठून सुरू होतो, हे हाताला धरून शिकवा. आणि रात्री ते जागे दिसले तर "झोपा ना" म्हणू नका. गावाकडे तेव्हा दुपार असते, बहिणींशी-शेजारणींशी फोनवर बोलू द्या. आमच्या हिचे पहिले चार दिवस त्यावरच निघाले.

एक राहिलंच. तिकीट शेवटी हैदराबादहून आखातातूनच निघालं, तर आईंच्या लाडवांत खसखस आहे का ते विचारा. दुबईत खसखस अमली पदार्थांत धरतात, लोक तुरुंगात गेलेत त्यापायी. लाडू वळायच्या आधी फोन करा.