बी.एस्सी.ला कोण विचारतं?

सांगोल्याहून एका शेतकरी पालकांचं पत्र आलं आहे. मुलीला बारावी सायन्सला ८८ टक्के मिळाले. तिला फिजिक्समध्येच बी.एस्सी. करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, शिष्यवृत्त्या सगळ्या इंजिनिअरिंगला, बी.एस्सी.ला कोण विचारतं? डाळिंबानं यंदा हात दिला नाही. पुण्याला पाठवायचं की जवळच्याच कॉलेजात घालायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

तिला फिजिक्स घेऊ द्या. बी.एस्सी.ला विचारणारे आहेत, फक्त ते घरी येऊन सांगत नाहीत. वेळेत अर्ज आपणच करावा लागतो.

पहिली बघा इन्स्पायर. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना ती मिळत नाही. वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० विद्यार्थ्याला मिळतात आणि २०,००० उन्हाळ्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन प्रकल्प केला तर. मार्क टिकवले तर एम.एस्सी.पर्यंत, एकूण पाच वर्षं. अट कडक आहे: बारावीला आपल्या बोर्डाच्या पहिल्या १ टक्क्यात यावं लागतं. ही रेषा दरवर्षी हलते, त्यामुळे ८८ टक्के आत की बाहेर हे यंदाची कटऑफ बघूनच कळेल. नुसत्या अंदाजानं सोडून देऊ नका. अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर कितीही हळहळ केली तरी दार उघडत नाही.

तिथं जमलं नाही तर केंद्राचीच दुसरी योजना, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची पीएम-यूएसपी. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर मार्क आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; ८० पर्सेंटाइल म्हणजे बोर्डातल्या दर शंभरात साधारण ८० मुलांच्या पुढे असणं. आणि तुमच्या मुलीला ही मिळण्याची चांगली आशा आहे. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. फीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर प्रवर्गाप्रमाणे योजना आहेत. खुल्या प्रवर्गात असाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना बघा. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकदम घेता येतील असं धरून चालू नका, नियम वाचून जास्त फायद्याची ठेवा. आणि यातलं काहीच प्रवेशाच्या दिवशी हातात पडत नाही. पहिल्या हप्त्याची फी आणि खोलीचं डिपॉझिट यांची सोय वेगळी करावी लागेल.

आता मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. पैशाइतकाच मोठा आधार उन्हाळी कार्यक्रमांचा असतो, आणि गावाकडच्या मुलांना तो कोणी सांगतच नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथं ‘एनआययूएस’ हा कार्यक्रम खास पदवीच्या मुलांसाठी चालतो. निवड झालेली मुलं सुट्टीत तिथं राहतात, प्रयोग करतात, शास्त्रज्ञांबरोबर प्रकल्प करतात. प्रवास आणि राहण्याचा खर्च केंद्र बघतं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात: दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं. त्याचे अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. अर्जाला स्वतः लिहिलेला छोटा मजकूर लागतो आणि एका प्राध्यापकाचं शिफारसपत्र. म्हणून तिला सांगा, पहिल्या सत्रापासून प्रॅक्टिकलला सरांना, मॅडमना प्रश्न विचारत जा. जे तिला ओळखतच नाहीत ते शिफारसीत काय लिहिणार?

यावरूनच पुणे की जवळचं कॉलेज याचं उत्तर निघतं. हे कार्यक्रम मुलगी कुठल्या शहरात शिकते हे बघून निवड करत नाहीत. जवळच्या कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा रोज उघडत असेल आणि शिकवणारे टिकून असतील, तर तिथंच घाला व खोलीभाड्याचे पैसे वाचवा. प्रवेश घेण्याआधी तिला घेऊन एकदा विभागात जाऊन या. तिसऱ्या वर्षाला असलेल्या दोन मुलींशी तिलाच बोलू द्या, तुम्ही बाजूला थांबा. प्रयोगशाळा नावापुरतीच दिसली तर मात्र पुण्याचा विचार करा. तिथं विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, कॉलेजात काम करून थोडा खर्च निघतो.

पुढे नोकरीचं काय, हेही तुम्ही विचारलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत जॅम परीक्षा असते. त्यातून आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. शिक्षकी पेशाशिवाय काही नाही, हा समज काढून टाका. बाकीचं दुसऱ्या वर्षी बोलू.

या आठवड्यात एवढं करा: तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल काढायला टाका, आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा.