हार्टवर्मची गोळी तीन महिने चुकली, आता काय?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मूळचे पुण्याचे, सध्या ह्यूस्टनला असतो. आमचा लॅब्रॅडोर बंड्या चार वर्षांचा आहे. हार्टवर्मची, म्हणजे डासांमुळे हृदय-फुफ्फुसात होणाऱ्या जंतांची, गोळी दर महिन्याला देतो, पण मे-जूनमध्ये आम्ही भारतात होतो तेव्हा ज्यांच्याकडे बंड्याला ठेवलं होतं त्यांच्याकडून द्यायची राहून गेली, आणि परत आल्यावर सोफ्याच्या गादीखाली एप्रिलची गोळी पण सापडली, जेमतेम चावून थुंकलेली! बंड्या एकदम ठणठणीत आहे, बराचसा घरातच असतो. गोळी परत चालू केली की झालं ना, टेस्ट कशाला? आणि एक मित्र म्हणतो घोड्याची आयव्हरमेक्टिनची (जंताच्या औषधाची) पेस्ट खूप स्वस्त पडते, ती चालेल का?

उत्तर : पेस्ट अजिबात नको, ते आधी सांगते. घोड्याचा डोस किलोला 200 मायक्रोग्रॅम आणि कुत्र्याच्या हार्टवर्मच्या गोळीत आयव्हरमेक्टिन असतं किलोला 6 मायक्रोग्रॅम, आता त्या जाड सिरिंजमधून बंड्यापुरता थेंब अंदाजाने कसा काढणार तुम्ही? कोली जातीच्या काही कुत्र्यांना तर जास्त डोस थेट मेंदूवर जातो. नकोच.

आता गोळीचं. बहुतेक लोकांना वाटतं आज गोळी दिली म्हणजे पुढचा महिनाभर कुत्रा सेफ. खरं तर ही गोळी मागचं साफ करते. डास चावताना ज्या बारीक अळ्या कातडीतून आत गेल्या, त्या महिन्याभराच्या आतल्या असल्या तर गोळीने मरतात. पण साधारण 50 ते 70 दिवसांत त्या वाढून पुढच्या अवस्थेत जातात आणि मग महिन्याच्या गोळीला नीट दाद देत नाहीत, तिथून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात आणि सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढतात. मादी जवळजवळ फूटभर लांब होते हो, आणि पाच-सात वर्षं जगते! तुमची शेवटची पोटात गेलेली गोळी मार्चची, म्हणजे एप्रिल-मेमधे शिरलेल्या अळ्या आत्ताच हाताबाहेर गेलेल्या असू शकतात.

म्हणून या आठवड्यातच वेटकडे (तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे) जा, रक्त तपासून घ्या आणि लगेच गोळी चालू करा, पण टेस्टसाठी अजून आठवडे घालवू नका. नेहमीची टेस्ट वाढ झालेल्या मादीचं प्रथिन शोधते, त्यामुळे आत्ता निगेटिव्ह आली तर ती फक्त आधीच्या काळाबद्दल सांगते, एप्रिलनंतरचं काही कळत नाही. त्यासाठी सहा महिन्यांनी परत टेस्ट करायची, तारीख आजच लिहून ठेवा.

ठणठणीत दिसण्यावर जाऊ नका. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नंतर हलका खोकला, फिरताना लवकर दमणं. मग उपचार म्हणजे महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, पाठीच्या स्नायूत खोल तीन इंजेक्शनं, आणि कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती, कारण मेलेल्या जंतांचे तुकडे फुफ्फुसात अडकतात आणि कुत्रा धावला तर जीवावर बेततं. एका लॅब्रॅडोरच्या घरच्यांनी तर दारावरची बेलच काढून ठेवली होती, ती वाजली की तो उठून पळायचा म्हणून. ते दिवस बघवत नाहीत.

घरात असतो हे पण कारण नाही, डास घरात येतातच. आणि ह्यूस्टनच्या दमट गरमीत डासाच्या अंगात अळी दोन आठवड्यांत तयार होते, थंडी पण फार टिकत नाही, तेव्हा बाराही महिने गोळी. तारीख विसरत असाल तर संकष्टीला द्या, घरात ती कोणी विसरत नाही आणि ती तिसाच्या आतबाहेर येतेच. बंड्यासमोर उभं राहून पूर्ण चावून गिळेपर्यंत बघा, पुढे तासभर उलटी होते का तेही. तरी जमत नसेल तर वेटला सहा किंवा बारा महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

प्रश्न : यांची बदली गुवाहाटीहून साताऱ्याला झालीय. तिकडे डॉक्टरांनी कुत्रीला हार्टवर्मची गोळी लावली होती, आता इथे आल्यावर बंद करू का?

उत्तर : लगेच नको. ईशान्य भारतात, आसाममधे, हा आजार खरंच आढळतो. गोळी मागचं साफ करते हे वर लिहिलंच आहे, त्यामुळे निघायच्या आधीच्या महिन्यात आत शिरलेलं मारायला इथे पोचल्यावर निदान एक डोस तरी हवाच. मग तिथून निघाल्याला सहा महिने झाले की एकदा टेस्ट, आणि पुढे चालू ठेवायची का ते इथल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. येताना तिकडची सगळी प्रिस्क्रिप्शनं जपून आणा, आणि इथे गोचिडांचं औषध चुकवू नका, गोचीडतापाच्या केसेस आमच्याकडे बाराही महिने येतात.