डार्क करंट मोजलास, आता नॉइज मोज

सप्रेम आशीर्वाद.

मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइट जातीच्या पदार्थाच्या फोटोडायोडची (प्रकाश पडला की करंट देणाऱ्या डायोडची) डिटेक्टिव्हिटी, म्हणजे किती मंद प्रकाश ओळखता येतो त्याचे माप, काढताना एक सवय फार पसरली आहे, ती लावून घेऊ नकोस. डार्क करंट, म्हणजे अंधारातही वाहणारा करंट, मोजायचा, त्यावर शॉट नॉइजचे (इलेक्ट्रॉन सुटे-सुटे वाहण्याने होणाऱ्या चढउताराचे) सूत्र लावायचे आणि उत्तर मोजल्यासारखे छापायचे. समज, डायोड ०.१ चौरस सेंटिमीटरचा, डार्क करंट १ नॅनोअँपिअर, रिस्पॉन्सिव्हिटी, म्हणजे प्रकाशाच्या दर वॉटमागे मिळणारा करंट, ०.३ अँपिअर प्रति वॉट. सूत्राने नॉइज निघतो १८ फेम्टोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ आणि डिटेक्टिव्हिटी सुमारे ५ लाख कोटी जोन्स (डिटेक्टिव्हिटीचे एकक). पण पेरोव्हस्काइटमध्ये आयन सरकतात, ट्रॅप, म्हणजे स्फटिकातले दोष, भार धरतात-सोडतात, आणि कमी वारंवारितेला नॉइज चढतो. तो दहापट भरला, तर डिटेक्टिव्हिटी दहापटीने खाली येते.

म्हणून डायोड धातूच्या बंद डब्यात ठेव, अँप्लिफायर बॅटरीवर चालव. आधी डायोड न जोडता अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज नोंदव. तो डायोडच्या नॉइजपेक्षा बराच खाली हवा. बायस, म्हणजे बाहेरून लावलेला व्होल्टेज, दिल्यावर करंट काही मिनिटे सरकत राहतो, तो स्थिरावू दे. स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर दिसणारी टोके मेन्सची असतात. रिस्पॉन्सिव्हिटीही त्याच बायसला, त्याच वारंवारितेला मोज. ५३२ नॅनोमीटरला ती ०.४३ च्या वर गेली, तर क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे दर शंभर फोटॉनमागे मिळणारे इलेक्ट्रॉन, १०० टक्क्यांपुढे जाते. साध्या फोटोडायोडमध्ये असे दिसले, की आधी प्रकाशाची शक्ती आणि मास्कचे (प्रकाश ठरावीक भागावरच पडू देणाऱ्या झाकणाचे) क्षेत्रफळ तपास.

नॉइज खरोखर कमी करायचा तर पेरोव्हस्काइटचा थर सुधारावा लागतो. ४६१ मिलिग्रॅम लेड आयोडाइड, १५९ मिलिग्रॅम मिथाइलअमोनियम आयोडाइड, ७८ मिलिग्रॅम डीएमएसओ आणि ६०० मिलिग्रॅम डीएमएफ (ही दोन्ही द्रावके) हे प्रमाण चांगले बसते. द्रावण लावलेली काच ४००० आरपीएमवर (मिनिटाला ४००० फेरे) फिरवताना थर धुरकट होण्याआधीच डायइथाइल ईथर सोड. उशीर झाला की स्फटिक विरळ, ओबडधोबड वाढतात, पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रे, राहतात, त्यांतून दोन्ही इलेक्ट्रोड जवळ येतात आणि डार्क करंट उसळतो. मग ६५ अंशांवर १ मिनिट, १०० अंशांवर २ मिनिटे तापव. गडद तपकिरी थरावर पिवळट झाक आली, तर फार तापले आहे: मिथाइलअमोनियम आयोडाइड उडून लेड आयोडाइड मागे राहिले.

हातमोजे, पिपेटच्या टिप, पुसलेले कागद यांना शिसे लागलेले असते. ते वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेव. सिंकमध्ये थेंबही जाऊ देऊ नकोस.