वटॉगाची वसाहत: भाडेपट्ट्यावर वसलेलं गाव

वटॉगा ही अमेरिकेतली पहिली स्वतंत्र लोकशाही होती का, आणि आज तिथे काय पाहायला मिळतं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण ते पटायला ही वस्ती कशी बसली ते पाहावं लागेल.

आजच्या पूर्व टेनेसीत एलिझाबेथटनजवळ डो नदी वटॉगा नदीला मिळते. तिथेच सिकमोर शोल्स हा नदीचा उतार आहे. पाणी उथळ, काठाला सपाट, सुपीक जमीन. ती गोऱ्यांनी रान तोडून काढलेली नव्हे. मूळ रहिवाशांची शेतं तिथे आधीपासून होती. 1769 च्या सुमारास विल्यम बीन आला, त्यामागून जेम्स रॉबर्टसन. 1771 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नरने अलामान्सच्या लढाईत बंडखोर शेतकऱ्यांचा पाडाव केल्यावर तिकडूनही कुटुंबं ॲपलाचियन डोंगर ओलांडू लागली.

आपण व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीच्या हद्दीत आहोत, असं हे लोक धरून चालले होते. मोजणी झाली आणि जमीन चेरोकी या मूळ रहिवासी जमातीची निघाली. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर कॅमेरॉनने त्यांना निघून जायला सांगितलं. ब्रिटिश राजाच्या 1763 च्या आज्ञेने डोंगरापलीकडे वस्ती करायला आणि खाजगीत जमीन विकत घ्यायलाही मनाई होती. तेव्हा 1772 मध्ये त्यांनी चेरोकींकडून दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन घेतली. खरेदी नाही, म्हणजे आज्ञाभंगही नाही! पुढचं सगळं या पळवाटेतून निघालं, असं मला वाटतं.

कुठल्याच वसाहतीचं कोर्ट तिथवर पोचत नव्हतं. म्हणून त्याच वर्षी त्यांनी वटॉगा असोसिएशन स्थापन केली. पाच जणांचं न्यायमंडळ, कायदे व्हर्जिनियाच्या धर्तीवर. मूळ करारनामा आज उपलब्ध नाही. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर याने 1774 मध्ये लंडनला कळवलं की हे जवळजवळ वेगळं राज्यच आहे आणि त्याने धोकादायक पायंडा पडतोय. 'पहिल्या लोकशाही'च्या दाव्याला या पत्राचा मोठा आधार मिळाला. पण 1776 मध्ये याच लोकांनी नॉर्थ कॅरोलिनाकडे अर्ज करून आम्हाला सामावून घ्या अशी विनंती केली. वेगळा देश त्यांना नकोच होता. जमिनीची कागदपत्रं पक्की हवी होती.

मार्च 1775 मध्ये याच उतारावर रिचर्ड हेंडरसन या जमिनीच्या सट्टेबाजाने सुमारे 10,000 पौंडांच्या मालाच्या बदल्यात चेरोकींकडून जवळपास 2 कोटी एकर जमीन घेतली. वटॉगावाल्यांनीही भाडेपट्ट्याची जमीन तेव्हाच खरेदी केली. चेरोकींचे ज्येष्ठ नेते अटाकुलाकुला या व्यवहाराला तयार होते, पण त्यांचाच मुलगा ड्रॅगिंग कनू याने कडाडून विरोध केला. 1776 च्या उन्हाळ्यात तो लढाईला उतरला आणि वटॉगाच्या किल्ल्याला वेढा पडला. हल्ल्याची आगाऊ खबर गोऱ्यांना दिली ती नॅन्सी वॉर्ड या चेरोकी स्त्रीने. पकडल्या गेलेल्या लिडिया बीनला जिवंत जाळण्यापासूनही तिनेच वाचवलं. हा भाग शौर्यकथांमध्ये घाईने उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सप्टेंबर 1780 मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या किंग्ज माउंटनच्या लढाईसाठी डोंगरापलीकडचे लोक इथेच जमले. 1796 मध्ये टेनेसी राज्य झालं.

आता पाहायचं म्हणाल, तर सिकमोर शोल्सच्या उद्यानातला किल्ला ही नवी प्रतिकृती आहे. मूळ वास्तू हवी असेल तर एलिझाबेथटनमधलं कार्टर कुटुंबाचं लाकडी घर चुकवू नका. ते अठराव्या शतकातलं आहे, आणि जॉन कार्टर हा असोसिएशनच्या प्रमुखांपैकी एक होता.